वणीच्या बापूजी अणेंनी कलकत्त्याची डिग्री घेतली, यवतमाळला वकिली केली आणि एक दिवस गवत कापून जेलात गेले

दहावी-बारावीचे निकाल लागले की वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड, कुठेही जा, एक प्रश्न हमखास ऐकू येतो. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा दिली, तर पुढे वकील होता येतं का?

विचारणाऱ्यांची परिस्थिती वेगवेगळी असते. कुणाची शाळा मधेच सुटलेली असते. कुणी घरच्या शेतीत अडकलेलं असतं. कुणाचं लग्न लवकर झालेलं असतं. कुणी मोबाईलच्या दुकानात बसता बसता अभ्यास करत असतं. पण भीती सगळ्यांची एकच. आपण सरळ रस्त्यानं शिकलो नाही, मग काळा कोट आपल्याला मिळेल का?

या प्रश्नाचं उत्तर आहे आणि ते शेवटी सांगतोच. पण त्याआधी याच जिल्ह्यातल्या एका माणसाची गोष्ट वाचा. त्यांच्या गावात कॉलेज नव्हतं, जिल्ह्यात नव्हतं, अख्ख्या वऱ्हाडात नव्हतं. आधी बी.ए., मग शाळेत मास्तरकी, मग कायद्याची पदवी असं करत करत ते वकील झाले. पुढे देशाच्या राज्यघटनेचा पहिला आराखडा करणाऱ्या समितीत जाऊन बसले. काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष झाले, बिहारचे राज्यपाल झाले.

त्यांचं नाव माधव श्रीहरी अणे. लोक त्यांना लोकनायक बापूजी अणे म्हणतात.

जिल्ह्याला नाव वणीचं, पण कॉलेज कुठेच नाही

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० चा, वणीचा. तेव्हा यवतमाळ जिल्हा या नावाचा जिल्हाच नव्हता. जिल्ह्याचं मुख्य ठाणं यवतमाळ होतं, पण जिल्हा ओळखला जायचा वणीच्या नावानं. इंग्रजांच्या कागदांत त्याचं स्पेलिंग वाचलं की वून असं काहीतरी ऐकू यायचं. १९०५ साली वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेररचना झाली, दारव्हा आणि पुसद हे तालुके इकडे जोडले गेले आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळालं.

वऱ्हाडाचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं होतं. कागदोपत्री हा मुलुख हैदराबादच्या निजामाचा. १८५३ च्या करारानं तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. १९०२ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून तो कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतला आणि पुढच्याच वर्षी मध्य प्रांताच्या कारभाराला जोडून टाकला. म्हणजे मालक एक, कारभार दुसऱ्याचा. इथली मुलं मराठी बोलायची, पण मुंबई इलाख्यात मोडायची नाहीत.

शिक्षणावर याचा थेट परिणाम झाला. वऱ्हाडातलं सरकारी कॉलेज, अमरावतीचं किंग एडवर्ड कॉलेज, सुरू व्हायला १९२३ साल उजाडलं. त्याआधी मॅट्रिकच्या पुढे शिकायचं तर गाव सोडावंच लागायचं. घरी पैसा असला तर मुंबई किंवा पुणे. नाहीतर नागपूर.

नागपुरात तेव्हा दोन कॉलेजं होती. १८८३ चं हिस्लॉप आणि १८८५ चं मॉरिस. बापूजी मॉरिस कॉलेजात गेले आणि १९०२ मध्ये बी.ए. झाले.

आता गंमत बघा. कॉलेज नागपूरचं, मुलगा वणीचा आणि पदवी मात्र कलकत्ता विद्यापीठाची!

कलकत्ता मधेच कुठून आलं?

१८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठं सुरू झाली. तिन्हींचा नमुना होता लंडन विद्यापीठ. आज विद्यापीठ म्हटलं की मोठा परिसर, विभाग, वसतिगृहं डोळ्यासमोर येतात. ती विद्यापीठं तशी नव्हती. त्यांचं मुख्य काम परीक्षा घेणं आणि पदवी देणं. शिकवणं हे काम संलग्न कॉलेजांचं. अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवणार, प्रश्नपत्रिका विद्यापीठ काढणार, शिक्का विद्यापीठाचा. बाकी तुम्ही नागपुरात शिका नाहीतर पाटण्यात.

नागपूरची कॉलेजं आधी कलकत्ता विद्यापीठाला जोडलेली होती. १९०४ च्या कायद्यानं विद्यापीठांच्या हद्दी आखल्या गेल्या, तेव्हा ती अलाहाबादकडे गेली. नागपूरला स्वतःचं विद्यापीठ १९२३ मध्ये मिळालं.

शिकवणारा एकीकडे आणि परीक्षा घेणारा दुसरीकडे, या रचनेचा एक मोठा फायदा होता. ज्या गावात विद्यापीठ नाही, तिथल्या माणसालाही पदवीपर्यंत पोहोचायला वाट होती. शाळेत नोकरी करणारे शिक्षक आणि स्त्रिया यांना कॉलेजच्या वर्गात न बसता खासगी उमेदवार म्हणून काही परीक्षा देण्याची सवलतही त्या काळात होती. आज ज्याला आपण बाहेरून परीक्षा म्हणतो, त्याची मुळं इतकी जुनी आहेत.

तेव्हा वकील व्हायचे तीन रस्ते होते

आज वकील म्हटलं की एकच प्रकार. एलएल.बी., सनद आणि काळा कोट. तेव्हा तसं नव्हतं. वकिलांमध्येही पायऱ्या होत्या.

सगळ्यात वरची पायरी बॅरिस्टरची. त्यासाठी लंडनला जायचं, तिथल्या इन्समध्ये नाव घालायचं, ठरलेल्या टर्म पूर्ण करायच्या आणि परीक्षा द्यायच्या. खर्च इतका की जमीन विकायची नाहीतर संस्थानिकाची शिष्यवृत्ती मिळवायची.

दुसरी पायरी पदवीधर वकिलाची. आधी बी.ए. करायचं, मग कायद्याची पदवी. मुंबईला तिला एलएल.बी. म्हणायचे, कलकत्त्याला बी.एल.

तिसरा रस्ता पदवी नसलेल्यांचा. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्टनुसार प्लीडर आणि मुखत्यार यांच्यासाठी वेगळ्या परीक्षा व्हायच्या. ती पास झाली की खालच्या कोर्टांत काम करायची परवानगी. घरी बसून पुस्तकं वाचायची, ओळखीच्या वकिलाच्या हाताखाली दप्तर सांभाळायचं आणि परीक्षेला बसायचं. जुन्या मराठी घरांत आमचे पणजोबा वकिलीची परीक्षा पास होते असं सांगतात, ते बहुतेक वेळा हेच.

या परीक्षांना मागणी किती होती ते एका गोष्टीवरून कळतं. खुद्द लोकमान्य टिळकांनी १८९० च्या आसपास पुण्यात लॉ क्लास चालवला होता. टिळक स्वतः १८७९ चे एलएल.बी. पण त्यांनी वकिलीचा धंदा केला नाही. त्यांनी हायकोर्ट आणि डिस्ट्रिक्ट प्लीडरच्या परीक्षांना बसणारी मुलं तयार केली. आजच्या भाषेत, टिळकांचा कोचिंग क्लास होता.

हेच टिळक पुढे बापूजींचे राजकीय गुरू झाले.

आधी मास्तर, मग वकील

बी.ए. झाल्यावर बापूजींनी दुसरा रस्ता धरला, पण एका दमात नाही. १९०४ ते १९०७ ते अमरावतीच्या काशीबाई प्रायव्हेट हायस्कूलमध्ये शिक्षक होते. १९०७ मध्ये त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली. १९०८ मध्ये यवतमाळला वकिली सुरू केली. बी.ए. आणि काळा कोट यांच्यामध्ये सहा वर्षं गेली, त्यातली तीन वर्षं खडू-फळ्याची.

मास्तरकी करता करता वकील होणारे बापूजी एकटे नव्हते. त्यांच्याच वयाचं एक नाव सांगतो. भारतरत्न पां. वा. काणे. जन्म मे १८८०, म्हणजे बापूजींपेक्षा तीनेक महिन्यांनी मोठे. कोकणातले काणे रत्नागिरीच्या आणि मग मुंबईच्या सरकारी शाळेत शिकवत होते आणि त्याच काळात कायद्याच्या परीक्षा देत होते. पुढे मुंबई हायकोर्टात वकील झाले आणि धर्मशास्त्राचा इतिहास लिहून जगभर पोहोचले. त्या पिढीत शाळेची नोकरी हा मुक्काम नव्हता, पुढच्या परीक्षेची फी भरायचं साधन होतं.

त्यात अमरावती हे गावही साधं नव्हतं. १८९७ चं काँग्रेस अधिवेशन इथं झालेलं. दादासाहेब खापर्डे इथले, रंगनाथ नरसिंह मुधोळकर इथले. दोघेही वकील, दोघेही राजकारणात. मुधोळकर पुढे १९१२ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले, तर खापर्डे टिळकांचे जवळचे मित्र. बापूजी शाळेत शिकवत होते त्याच काळात, १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची हवा वऱ्हाडापर्यंत आली. वकिली आणि राजकारण ही दोन वेगळी कामं आहेत, असं त्या गावात कुणाला वाटणं अवघडच होतं.

वकिली सुरू झाली त्याच वर्षी गुरू मंडालेला

१९०८ साल. बापूजींनी यवतमाळच्या कोर्टात उभं राहायला सुरुवात केली. त्याच वर्षी जून महिन्यात टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात अटक झाली आणि जुलैमध्ये सहा वर्षांची शिक्षा. टिळक मंडालेला गेले.

नव्या वकिलासाठी हा इशाराच होता. वकिलाची सनद सरकारी व्यवस्थेच्या हातात असते. त्या काळच्या कायद्यात गैरवर्तनाच्या कारणावरून ती थांबवता यायची किंवा काढूनही घेता यायची. सहा वर्षं घालवून मिळवलेला कागद एका झटक्यात जाऊ शकत होता. अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? आपले दावे बघेल, पक्षकार जोडेल, गप्प बसेल.

बापूजी गप्प बसले नाहीत. १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीग काढली. तिच्या कार्यक्षेत्रात वऱ्हाड होतं आणि बापूजी तिच्या कामात पुढे होते. १९२० मध्ये टिळक गेले. १९२१ पासून पुढची जवळपास दहा वर्षं वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचं अध्यक्षपद बापूजींकडे होतं. १९२४ मध्ये ते केंद्रीय कायदेमंडळात निवडून गेले. यवतमाळचा वकील आता दिल्लीत व्हॉइसरॉयच्या सरकारला प्रश्न विचारत होता.

गांधीजींचं आणि त्यांचं सगळंच पटायचं असं नाही. कायदेमंडळावर बहिष्कार टाकण्यापेक्षा आत जाऊन सरकारची अडवणूक करावी, जिथे फायदा असेल तिथे सहकार करावा, असं टिळकांच्या पठडीतल्या लोकांचं मत होतं. न. चिं. केळकर, बॅ. जयकर, डॉ. मुंजे यांच्याबरोबर बापूजीही या प्रतियोगी सहकारवाल्यांच्या गटात होते.

१९२८ मध्ये त्यांच्या वाट्याला एक मोठं काम आलं. सायमन कमिशनमध्ये एकही भारतीय नव्हता म्हणून देश पेटला होता. सगळ्यांना मान्य होईल अशी राज्यघटना भारतीयांनी करूनच दाखवावी, असं आव्हान इंग्रज सरकारकडून दिलं जात होतं. ते आव्हान घेऊन मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिच्यात सर तेजबहादूर सप्रू, सर अली इमाम असे नामांकित कायदेपंडित होते, तरुण सुभाषचंद्र बोस होते आणि यवतमाळचे बापूजी अणे होते. नेहरू रिपोर्ट म्हणून जो आराखडा इतिहासात ओळखला जातो तो हाच. नागरिकांच्या मूलभूत हक्कांची यादी त्यात होती. आजच्या संविधानातल्या मूलभूत हक्कांची चर्चा होते तेव्हा या रिपोर्टचं नाव निघतंच.

समुद्र नाही, मग मीठ कुठून आणायचं?

आता येतो तो प्रसंग, ज्यासाठी यवतमाळ जिल्हा बापूजींना आजही ओळखतो.

मार्च-एप्रिल १९३०. गांधीजी दांडीला चालत गेले, मूठभर मीठ उचललं आणि देशभर कायदेभंग सुरू झाला. पण विदर्भात पंचाईत झाली. इथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. अकोला जिल्ह्यात दहीहांड्याला खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या, तिथल्या पाण्यापासून मीठ करून लोकांनी सत्याग्रह केला. पण अशा विहिरी गावोगाव थोड्याच असतात?

मग पुसद, दारव्हा, यवतमाळच्या माणसानं कोणता कायदा मोडायचा?

उत्तर समोरच उभं होतं. जंगल.

इंग्रजांनी वनकायदे करून मोठमोठी जंगलं राखीव केली होती. १८७८ चा कायदा आणि त्यानंतर १९२७ चा. राखीव जंगल म्हणजे सरकारची मालमत्ता. त्यात परवानगीशिवाय गुरं चारायची नाहीत, लाकूड तोडायचं नाही आणि गवतही कापायचं नाही. ज्या जंगलातून आजा-पणजा चारा आणत होते, तिथून भारा आणायचा तर पास काढायचा आणि पैसे भरायचे. नाहीतर दंड किंवा कैद. यवतमाळसारख्या जंगलाच्या जिल्ह्यात हा कायदा रोज टोचायचा. मिठावरचा कर माणसाच्या ताटात होता, हा कर बैलाच्या गव्हाणीत होता.

१० जुलै १९३० ला बापूजींनी पुसदजवळच्या राखीव जंगलात जाऊन गवत कापलं. परवानगी न घेता, सगळ्यांदेखत.

एका वकिलानं, माजी शिक्षकानं, केंद्रीय कायदेमंडळात बसलेल्या माणसानं पावसाळ्याच्या दिवसांत गवत कापलं आणि गुन्हा केला. त्यांना अटक झाली आणि सहा महिन्यांची शिक्षा झाली.

यात वकिली डोकं दिसतं. मोडायचा कायदा असा हवा, की तो अन्यायाचा आहे हे अडाणी माणसालाही लगेच पटावं. तो मोडायला पैसा, हत्यार, लांबचा प्रवास काही लागू नये. कुणाला इजा होऊ नये. विळा तर प्रत्येक घरात होता. त्यामुळे हे लोण झपाट्यानं पसरलं. त्याच महिन्यात यवतमाळजवळ डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी जंगल सत्याग्रह केला आणि तेही जेलात गेले. वऱ्हाड-मध्य प्रांतातल्या गावागावांत, आदिवासी पाड्यांपर्यंत जंगल सत्याग्रह पोहोचला.

विशेष म्हणजे गांधीजींच्या मार्गाबद्दल बापूजींना शंका होत्या, तरी वेळ आल्यावर आपल्या जिल्ह्यात पहिला विळा त्यांनी स्वतः चालवला.

पदं मिळाली आणि सोडलीही

१९३३ मध्ये काँग्रेसचे मोठे नेते तुरुंगात असताना हंगामी अध्यक्षपदाची जबाबदारी बापूजींवर आली. सामुदायिक कायदेभंग थांबवून वैयक्तिक कायदेभंगाकडे वळण्याचा अवघड निर्णय त्यांच्याच काळात जाहीर झाला. पण पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, जातीय निवाड्यावर काँग्रेसनं स्पष्ट विरोधाची भूमिका घेतली नाही म्हणून त्यांनी पंडित मदनमोहन मालवीयांबरोबर वेगळा काँग्रेस नॅशनलिस्ट पक्ष काढला.

आणि मग त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात वादाचा निर्णय. १९४१ मध्ये ते व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. परदेशातल्या भारतीयांचं खातं त्यांच्याकडे आलं. ज्या सरकारनं गवत कापल्याबद्दल त्यांना जेलात टाकलं, त्याच सरकारचे ते आता सदस्य होते. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये चले जाव आंदोलन सुरू झालं. गांधीजींसह सगळे नेते पकडले गेले आणि बापूजी सरकारात होते. त्यांचं मोठेपण सांगताना ही बाजू झाकण्यात अर्थ नाही. तेव्हाही लोकांनी झाकली नाही.

त्यातच चिमूरचं प्रकरण घडलं. ऑगस्ट १९४२ मध्ये तिथं उठाव झाला आणि त्यानंतर लष्कर-पोलिसांनी गावावर, विशेषतः बायकांवर जे अत्याचार केले त्याची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळी थेट बापूजींच्या दिल्लीतल्या घरी पोहोचले आणि तिथंच उपोषणाला बसले. आपल्याच मुलखातला माणूस सरकारात आहे, तर त्यालाच जाब विचारायचा, हा त्यामागचा हिशेब.

फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचं उपोषण सुरू केलं. सरकार त्यांना सोडायला तयार नव्हतं. तेव्हा बापूजी, सर होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार या तिघांनी कार्यकारी मंडळाचे राजीनामे दिले. उशिरा दिला म्हणणारे तेव्हाही होते. पण दिला.

त्याच वर्षी भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले. परत आल्यावर संविधान सभेचे सदस्य झाले. जानेवारी १९४८ ते जून १९५२ बिहारचे राज्यपाल होते.

राज्यपालपदानंतर बहुतेक लोक निवृत्त होतात. बापूजी ७९ व्या वर्षी निवडणुकीला उभे राहिले. १९५९ च्या पोटनिवडणुकीत नागपूरमधून लोकसभेत गेले आणि १९६२ मध्ये पुन्हा नागपूरमधूनच अपक्ष म्हणून निवडून आले. वेगळ्या विदर्भाची मागणी त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

आणि हे सगळं करताना ते संस्कृतात लिहीत होते. आपल्या गुरूचं, टिळकांचं, चरित्र त्यांनी संस्कृत काव्यात लिहिलं. नाव श्रीतिलकयशोर्णवः. २६ जानेवारी १९६८ ला, प्रजासत्ताक दिनी, बापूजी गेले. त्याच वर्षीचा पद्मविभूषण त्यांच्या नावावर आहे. १९७३ मध्ये त्या काव्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा तो घ्यायला ते नव्हते.

आता त्या १७ नंबरच्या फॉर्मचं उत्तर

बापूजींच्या काळातले तीन रस्ते आज राहिलेले नाहीत. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनं प्लीडर, मुखत्यार, वकील, बॅरिस्टर हे सगळे भेद मोडीत काढले आणि ॲडव्होकेट हा एकच वर्ग ठेवला. घरी बसून प्लीडरची परीक्षा द्यायची सोय संपली. रस्ता एकच झाला, पण त्यावर चढायच्या वाटा अजूनही बऱ्याच आहेत.

पहिली गोष्ट. १७ नंबरचा फॉर्म भरून दिलेली दहावी किंवा बारावी ही महाराष्ट्र राज्य मंडळाचीच परीक्षा असते. तिच्यामुळे लॉचं दार बंद होत नाही.

दुसरी. पदवी दूरशिक्षणानं, उदाहरणार्थ नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून केली, तरी बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार तुम्ही लॉ प्रवेशाला पात्र ठरू शकता. पण इथे एक खड्डा आहे आणि अनेक जण त्यात पडतात. पाया पक्का हवा. म्हणजे दहावी, मग बारावी, मग पदवी. बारावी न करता नुसती पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल, तर ती या नियमात बसत नाही. पदवीची तीन वर्षं गेल्यावर प्रवेशाच्या खिडकीवर हे कळलं तर फार उशीर झालेला असतो.

तिसरी. खुद्द एलएल.बी. मात्र बाहेरून करता येत नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम नियमित कॉलेजातच करावा लागतो. हजेरीची अट ७० टक्के. बार काउन्सिलनं मान्य न केलेल्या कोर्सची किंवा पोस्टानं मिळणाऱ्या लॉ डिग्रीची जाहिरात दिसली तर पैसे भरू नका. तिच्यावर सनद मिळणार नाही.

चौथी. महाराष्ट्रात प्रवेशासाठी लॉ सीईटी द्यावी लागते. खुल्या प्रवर्गाला आधीच्या परीक्षेत किमान ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. त्यामुळे बाहेरून परीक्षा देताना नुसतं पास होण्यावर समाधान मानू नका. ३५ टक्क्यांवर काठावर निघालेली बारावी किंवा पदवी इथे आडवी येते.

पाचवी. पदवीनंतर बार काउन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी करून सनद घ्यायची आणि ऑल इंडिया बार एक्झामिनेशन पास व्हायचं. २००९-१० पासून लॉ झालेल्या सगळ्यांना ही परीक्षा लागू आहे.

सगळ्यात मोठी अडचण आहे ती हजेरीची. बापूजींच्या पिढीत मास्तरकी आणि कायद्याच्या परीक्षा हातात हात घालून चालायच्या. आज दुकानात किंवा कापसाच्या जिनिंगवर पूर्णवेळ काम करणाऱ्याला ७० टक्के हजेरी भरणं सोपं नाही. दुसरीकडे, बापूजी वकील झाले तेव्हा नागपूरचं विद्यापीठाचं लॉ कॉलेजसुद्धा निघालं नव्हतं, ते १९२५ चं. आज यवतमाळ शहरातच लॉ शिकता येतं. एक दार अरुंद झालं, दुसरं जवळ आलं.

म्हणून ज्यांनी १७ नंबरचा फॉर्म भरलाय किंवा भरायचा विचार आहे, त्यांनी आत्ताच दोन कामं करावीत. बारावी सोडून पुढे उडी मारायची नाही, आणि ज्या वर्षी लॉला जायचं त्या वर्षीची सीईटीची माहितीपुस्तिका आणि बार काउन्सिलचे नियम स्वतः वाचायचे. कुणाच्या सांगण्यावर जायचं नाही. कायदा स्वतः वाचायची ही सवय पुढे कोर्टातही लागणारच आहे.

तुमच्या ओळखीत कुणी असा फॉर्म भरला असेल, तर ही गोष्ट त्यांना नक्की पाठवा. बी.ए. ते सनद या प्रवासात वणीच्या बापूजींची सहा वर्षं गेली होती, तुमचीही एक-दोन वर्षं इकडेतिकडे झाली तर बिघडत नाही. फक्त बारावी चुकवू नका.